पिवळा डबा

सांता ओलाया गावात सकाळी धुकं उतरलं की समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दिसते ती घोड्यांची रांग. लव्हाळ्याच्या मोळ्या आवळून बांधलेले, माणसाच्या दुप्पट उंचीचे, शेपटी वाळूत आणि नाक आभाळात असे निथळत उभे असलेले घोडे, म्हणजे इथल्या होड्या. इथले बाप्ये त्यांच्यावर गुडघे टेकून लाटांपलीकडे जातात, जाळं टाकतात, आणि परत आले की घोडा पुन्हा उभा करतात. लव्हाळा पाणी पितो, निथळला नाही तर कुजतो. महिना-दोन महिन्यांत घोडा म्हातारा होतो, मग नवा बांधायचा. ज्याचा घोडा त्यानंच तो उभा करायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि बायकांनी लव्हाळा कापावा, वाळवावा, पाठीवरून वाहून आणावा, मासळी विकावी, पण घोड्यावर बसू नये. का, म्हणून विचारलं तर कोणी सांगत नाही. नसतं बसायचं, एवढंच.

ओतिलिया सेहेचाळीस वर्षांची झाली तरी हे ‘नसतं बसायचं’ तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. ती बोलायची नाही, पण लहानपणापासून तिला एकच स्वप्न पडायचं. ती लाटांच्या पलीकडे आहे, तिथे कसलाच आवाज नाही, चहूकडे दुधासारखं धुकं, आणि खाली पाणी संथ डुलतंय. तिच्या खाली काय आहे ते स्वप्नात कधी दिसायचं नाही. जाग आली की फक्त गुडघे ओले झाल्यासारखे वाटायचे. मग ती उठून चूल पेटवायची आणि मका भाजत बसायची. स्वप्नानं कोणाचं पोट भरलंय?

घरात ती आणि तिचे वडील नार्सिसो; गाव त्यांना मानानं ‘दोन नार्सिसो’ म्हणायचं, इथे बाप्याला ‘दोन’ म्हणजे राव, तशी बाईला ‘दोन्या’. चौऱ्याहत्तरीचे. मुलगा नाही, जावई होता तो लिमाला गेला तो गेलाच. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याच्या खुब्यानं दगा दिला आणि त्यांचा समुद्र सुटला. पण घोडा बांधणं काही सुटलं नाही. दर दोन महिन्यांनी ते नवा घोडा बांधायचे आणि रांगेतल्या आपल्या जागेवर उभा करायचे. तो तिथे कोरडाच उभा राहायचा, कोरडाच जुना व्हायचा, मग ते तो सोडून पुढचा बांधायला घ्यायचे. गावात लोक म्हणायचे, म्हातारा चळला. ओतिलिया लव्हाळा आणून द्यायची. मोळ्या आवळताना दोन नार्सिसो तिला त्यांवर गुडघे टेकून बसवायचे.

“दाब जरा. माझ्या खुब्यात जोर नाही.”

ती दाबायची. तिचा डावा गुडघा जरा आत वळलेला होता, दहाव्या वर्षी गाढवावरून पडली होती तेव्हापासून. म्हातारा दोरी घेऊन तिच्याभोवती लंगडत फिरायचा, गाठी मारायचा, पुटपुटायचा. पण घोडा उभा करायची वेळ आली की तिला हात लावू द्यायचा नाही. अर्धा तास लागला तरी चालेल, स्वतःच उभा करणार.

“बाबा, कोणासाठी बांधता हो हे?” एकदा तिनं विचारलं होतं.

“रांगेत जागा रिकामी दिसते,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून चिचेचा, मक्याच्या दारूचा, पेला उचलला.

गेल्या उन्हाळ्यात लिमाचा एक माणूस गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती प्लास्टिकची होडी, घेऊन आला. दोन दिवस एकटाच लाटांपलीकडे जाऊन गळानं मासे पकडत होता. ओतिलियाच्या मासळीच्या टपरीवर तो सेविचे, लिंबात मुरवलेली मासळी, खायला बसला तेव्हा ती बाहेर गेली, त्या कयाकवरून हात फिरवला, आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. हा घोडा नाही. घोड्यावर बायकांनी बसायचं नसतं. यावर बसायचं नसतं असं कोण म्हणालंय?

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढला. “बाबा, प्लास्टिकच्या होडीला काही नियम आहे का हो आपल्यात?”

दोन नार्सिसो मक्याचा दाणा चघळत राहिले. “ती काय होडी आहे? डबा तो. डब्याला कसला आलाय नियम.”

ओतिलियानं तो होकार धरला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे तिनं तेव्हा नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ती कुठली पाहते? ती मनानं कधीच लाटांपलीकडे पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी म्हातारा ठरलेल्या वेळेच्या तीन आठवडे आधीच नवा घोडा बांधायला बसला. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

टपरीतला फ्रीज विकून ती कयाक घ्यायला शहरात, त्रुहियोला गेली. बाजाराच्या मागे एका अंगणात कयाकी ओळीनं आडव्या पडलेल्या होत्या. येर्सन नावाचा पोरगेला विक्रेता तिच्या मागेमागे फिरू लागला. ओतिलियानं आधी वास घेतला. मग चपला काढल्या, लांबलचक लाल कयाकवर चढली आणि गुडघे टेकून बसली.

“दोन्या, यात बसतात. असं, पाय लांब करून.”

“आमच्याकडे पाय लांब करून समुद्रावर जातो तो परत येत नाही, पोरा.”

येर्सन हसला. पण ती हसत नव्हती. लाल कयाक नुसती हलायची, चंचल पोरीसारखी. निळी दोघांची होती, आणि दुसरं कोण येणार होतं तिच्याबरोबर? तिसरी मजबूत होती, पण बसायचा खळगा असा की गुडघे कुठे ठेवावेत तेच कळेना. एकेकीवर ती चढली, डोळे मिटून बसली, उतरली. बाकीची गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. अंगणाच्या टोकाला एक जुनी पिवळी होती, बुडाला ओरखडे पडलेली, रुंद, बुटकी. तिच्या तळाला आरपार भोकं होती.

“ही फुटलीये की.”

“फुटलेली नाही हो, भोकं मुद्दाम आहेत. वर आलेलं पाणी त्यातून खाली जातं.”

“बादली आण.”

येर्सननं बादली आणली. ओतिलियानं पाणी ओतलं आणि ते भोकांतून गुळगुळ करत जमिनीवर जाताना बघत राहिली. लव्हाळ्यातूनही असंच जातं. वर येतं, खाली जातं, घोडा त्याच्याशी भांडत बसत नाही. तिनं गुडघे टेकले. डावा जरा अडला, उजवा बरा बसला. अगदी मनासारखं नव्हतं, पण शंभरातल्या नव्याण्णव हिश्श्यांनी तरी होतं.

“हीच.”

“चांगली निवड आहे, दोन्या. आणि हे बघा, हे शेपटाला बूच. आतून पोकळ आहे ना ही, थोडं पाणी झिरपतंच. म्हणून घरी आलं की हे बूच काढायचं, उभी करायची, निथळू द्यायची…”

उभी करायची, निथळू द्यायची. ओतिलियाचा ऊर भरून आला. म्हणजे हाही घोडाच की. येर्सन पुढे आणखी काही सांगत होता, बुचाबद्दलच, बोट नाचवून सांगत होता, पण तिच्या कानात तोवर लाटा शिरल्या होत्या. तिनं मान डोलावली आणि पैसे दिले.

आता ते धूड न्यायचं कसं? सांता ओलायाकडे जाणारी व्हॅन स्टँडवर उभी होती. चालकानं टपाकडे बघितलं, कयाककडे बघितलं, मग ओतिलियाकडे.

“मावशी, वरती दोन गाद्या आहेत, कोंबड्यांची टोपली आहे आणि एका नवरीचं कपाट आहे.”

“मग नवरीच्या कपाटावर ठेव. तिला काय समुद्राचं वावडं आहे?”

त्यानं वर चढवली आणि दोन्ही टोकांना दोर आवळायला लागला. ओतिलियानं खालून फर्मान सोडलं, “टोकाला नको, पोटाला आवळ. आणि मऊ काहीतरी घाल मधे, अंगाला वळ उठतील.”

“कोणाच्या अंगाला? प्लास्टिकच्या?”

“तुझ्याच. नीट बांधली नाहीस तर.”

आतली माणसं हसली. तिनं आपली शाल काढून दोराखाली घातली आणि खिडकीपाशी बसली. महामार्गावर वाळवंटाचा वारा सुटला तेव्हा व्हॅन डुलायला लागली. पिवळं नाक वाऱ्याला अडत होतं. कोंबड्या ओरडायला लागल्या, एका म्हातारीनं देवाचं नाव घेतलं, आणि फाट्यावर पोहोचताच चालकानं ब्रेक लावला.

“मावशी, राग मानू नका. नवरीचं कपाट पडलं तर माझं लग्न मोडेल. तिच्याशीच आहे ते.”

ओतिलियानं कयाक खाली उतरवून घेतली. कपाळ. गाव अजून सात किलोमीटर होतं. ओतिलियानं शालीची दोन टोकं कयाकच्या नाकाच्या कडीत ओवली, छातीवरून घेतली आणि समुद्राकडे उतरली. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. कयाक तिच्यामागून सळसळत यायला लागली. आयुष्यभर तिनं लव्हाळा ओढला होता, या तीस किलोंचं तिला काय विशेष? संध्याकाळी धुकं उतरलं आणि पुढचं-मागचं सगळं पुसलं गेलं. पेलिकन पक्ष्यांचा एक थवा डोक्यावरून नुसता आवाज होऊन गेला. एका जागी दम लागला म्हणून ती कयाकमध्ये जरा आडवी झाली, आणि तिथेच तिला डोळा लागला. स्वप्नात पाणी डुलत होतं. या वेळी खाली काय आहे ते दिसेल असं तिला वाटलं. वाकून पाहायला गेली आणि जाग आली, तर चढती लाट शेपटीला चाटत होती. ती उठली, शाल छातीवर घेतली, पुन्हा चालायला लागली. गाव आलं तेव्हा तिला ते नको होतं, इतकी ती वाट गोड वाटली होती.

पण गाव ते गावच. शेजारची पेत्रोनिला जाळी आवरत होती. तिनं कयाकच्या तळाला बोट घालून पाहिलं.

“अगं बाई. फ्रीज देऊन चाळण आणलीस?”

“हसा. दात तुमचेच दिसतायत.”

घोडेवाले बाप्येही गोळा झाले. एकानं ठोकून पाहिलं, दुसरा म्हणाला, भात शिजेल यात, वीस जणांचा. ओतिलियानं कोणाला दाद दिली नाही. रांगेत वडिलांच्या नव्याकोऱ्या घोड्याशेजारी तिनं कयाक उभी केली, शेपटी वाळूत, नाक आभाळात. मग बूच काढून एप्रनच्या खिशात टाकलं. आतून चार थेंब टपकले. दोन नार्सिसो दारात खुर्ची टाकून बसले होते. ती बघतेय म्हटल्यावर ते उठले, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“बाबा, एकदा बघा तरी.”

“डब्यात काय बघायचं?”

तिला ते लागलं, चांगलंच लागलं. सगळ्या गावानं हसावं, त्याचं तिला काही नव्हतं. या एका माणसानं पाहावं आणि ‘जा’ म्हणावं, यासाठी तिनं फ्रीज विकला होता. त्या रात्री ती न जेवताच निजली.

सकाळी उठली, जाडा स्वेटर चढवला, गळ, टोपली आणि कयाकबरोबर मिळालेलं वल्हं घेतलं. एप्रन खुंटीवरच राहिला. दोन नार्सिसो भिंतीकडे तोंड करून जाळं शिवत होते. “येते,” ती म्हणाली. त्यांनी सुई थांबवली, पण मान वळवली नाही.

लाटांचं तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं ती किनाऱ्यावर उभी राहून त्या मोजत होती. तिसरी मोठी फुटली, मधली सपाटी आली, आणि ती गुडघे टेकून सुटली. वल्हं डावीकडे, उजवीकडे, तोंडावर फेस, तळातून पाणी वर आलं आणि खाली गेलं. पुढची लाट उचलायला लागली, नाक वर गेलं, आणि मग एकदम काहीच नाही. लाटा मागे राहिल्या होत्या. त्यांची पाठ दिसत होती. आजवर तिनं त्यांचं फक्त तोंड पाहिलं होतं.

आवाज विझला. चहूकडे दुधासारखं धुकं आणि खाली संथ डुलणारं पाणी. ओतिलिया कितीतरी वेळ गळ न टाकता तशीच बसली. तिला रडू आलं आणि ते पुसायचीही घाई वाटली नाही. मग गळ टाकला. एक लोर्ना मासा लागला, मग दुसरा, मग तिसरा. मासे टोपलीत फडफडत होते आणि तिला ते स्वप्नातल्या माशांसारखे दूरचे वाटत होते. वेळ किती गेला कोण जाणे. कयाक हळूहळू जड होत होती. वल्हं मारलं की आळसावून वळायची. ओतिलियानं तिच्या अंगावर थोपटलं.

“पी, पी. तुलाही तहान लागली असेल.”

घोडा जड होतोच. सकाळी हलका निघतो आणि दुपारी पाणी पिऊन जड होतो, हे सांता ओलायाच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. दुसरी कोणी बाई असती तर घाबरली असती. ओतिलियाला उलट माया आली. तिनं आणखी दोन मासे पकडले. मग मागे वळून पाहिलं तर शेपटी पाण्याखाली गेली होती.

बूच. एप्रन. खुंटी. येर्सनचं नाचणारं बोट तिला आत्ता दिसलं, आणि त्याचं उरलेलं वाक्यही आता न ऐकता कळलं: पाण्यात न्यायच्या आधी बूच परत लावायचं. तिनं वल्हं मारायचा प्रयत्न केला, तेवढ्यात आतलं पाणी एका बाजूला धावलं आणि कयाक तिला घेऊन कलंडली. थंडीनं छाती आवळली. वर आली तेव्हा पिवळं नाक तेवढं पाण्याबाहेर होतं. ते तिनं दोन्ही हातांनी धरलं. टोपली गेली, मासे गेले. किनारा कुठे ते धुक्यात कळत नव्हतं. हाक मारावी तर कोणाला? सगळे घोडे आज उत्तरेला गेले होते. बोटं बधिर व्हायला लागली. आपण मरणार, असं तिला अगदी शांतपणे वाटून गेलं, आणि मग वाटलं, बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेत, त्यांना कळणारसुद्धा नाही.

“ओतिलिया…”

तिला वाटलं, भास. पुन्हा हाक आली, लांबवलेली, धुक्यात घोडेवाले मारतात तशी. ती ओरडली. आवाज नीट फुटेना, पण तेवढा पुरला. धुक्यातून लव्हाळ्याचं टोकदार नाक बाहेर आलं, आणि मागे चिरलेल्या बांबूचं वल्हं घेतलेले दोन नार्सिसो. एका बाजूला वाकडे बसले होते, तोंड दुखण्यानं पांढरं झालं होतं.

पेत्रोनिला नंतर सगळ्यांना सांगायची की म्हातारा भिंतीकडे तोंड करून जेमतेम पाच मिनिटं बसला असेल. मग खुर्ची फिरवली आणि धुक्याच्या फटींतून सारखा समुद्राकडेच डोळे लावून बसला. एकदा पिवळा ठिपका दिसला, पुन्हा दिसला तेव्हा बुटका झाला होता. “घोडा महिन्याभरात पितो तेवढं या डब्यानं तासात ढोसलंय,” एवढं म्हणाला आणि काठी टाकून घोड्याकडे निघाला.

“दोर धर,” म्हातारा म्हणाला. “डब्याला बांध. आता चढ.”

“घोड्यावर?”

“मग काय पोहत येतेस? मागे ये, त्या गुडघ्यांच्या खोबणीत. मी पुढे सरकतो. मला तिथे बसताच येत नाही.”

ती कशीबशी वर ओढली गेली. दोन नार्सिसो पुढे सरकून पाय पाण्यात सोडून बसले. ओतिलियानं थरथरत खोबणीत गुडघे टेकले.

आणि ते बसले. उजवा सरळ बसला. डावा, तिचा आत वळलेला डावा, आत वळलेल्या खळग्यात अलगद उतरला. कुठे टोचलं नाही, कुठे अडलं नाही. ती तशीच बसून राहिली. मग तिनं बोटांनी खोबणीची कड चाचपली. गाठी आतून मऊ गुंडाळल्या होत्या.

“बाबा, हा कोणाच्या मापाचा आहे?”

म्हातारा पुढे बघत होता. “आता तुझे गुडघे सांगतायत की नाही?”

“आधीचे घोडेही?”

“सगळेच. दोन वर्षं मोळीवर कशाला बसवत होतो मी तुला? दाबायला दगड होते की.”

ओतिलियाला हुंदका आवरेना. “मला सांगायचं नाही का?”

“कसं सांगणार? बायकांनी बसायचं नसतं.” त्यांनी एकदा वल्हं मारलं. “म्हटलं, एक दिवस तूच मागशील.”

“मी कशी मागणार? बसायचं नसतं ना.”

“हो ना,” दोन नार्सिसो म्हणाले. “घरचा घोडा वाळत उभा, आणि पोरगी त्रुहियोहून डबा ओढत आणते. मला काय वाटलं असेल?”

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. मागे दोराला पिवळी कयाक अर्धी बुडून येत होती. म्हाताऱ्यानं बांबूचं वल्हं डोक्यावरून मागे दिलं.

“तिसरी जाऊ दे.”

“माहितीये मला.”

“माहितीये तर मार.”

तिसरी गेली. ओतिलियानं वल्हं मारलं, लाटेनं घोडा मागून उचलला आणि सरळ वाळूवर आणून सोडला. कयाक तिच्या मागोमाग येऊन आडवी पडली. पेत्रोनिला धावत आली, उत्तरेहून परतलेले बाप्येही आपापले घोडे सोडून उभे होते. कोणी हसलं नाही. दोघांनी म्हाताऱ्याला उतरवून वाळूत बसवलं. मग सगळे त्या ओल्या घोड्याकडे बघत राहिले, आणि दोन नार्सिसोंकडे. घोडा उभा करायचा होता.

दोन नार्सिसोंनी हात मांडीवर ठेवले. “माझा खुबा दुखतोय,” ते म्हणाले, “आणि तसाही तो माझा नाही.”

ओतिलियानं घोड्याच्या नाकाखाली खांदा घातला. पाणी प्यायलेला घोडा जड होता, पाय वाळूत रुतत होते, पण मदतीला कोणी पुढे आलं नाही, आणि तिला ते कळलं. तिनं तो रांगेपर्यंत नेला, शेपटी वाळूत रोवली आणि रेटून उभा केला. मग ती वडिलांशेजारी येऊन बसली. घोड्याच्या शेपटीतून पाणी वाळूत निथळायला लागलं.